गावच्या पोलिसांची पेन्शन तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून किती जाते? अमेरिकेतल्या घरमालकांसाठी हिशेबाची वाट

आमच्या टाउनशिपच्या बजेटच्या सभेत दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. कुणीतरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल हातात घेऊन माइकपाशी येतं आणि विचारतं, "पोलिसांच्या पेन्शनवर आपण एवढे पैसे का घालवतो?" मेयर म्हणतात, "तो आकडा राज्याकडून येतो, आमच्या हातात काही नाही." तोवर बोलायची तीन मिनिटं संपलेली असतात. मीही एकदा हेच विचारून, हेच उत्तर घेऊन घरी आलो होतो. मेयर खोटं बोलत नव्हते, पण अर्धंच सांगत होते. बिल राज्याकडून येतं हे खरं. ज्या पगारावर ते बिल बेतलेलं असतं, तो पगार मात्र त्याच टेबलामागे बसलेल्या काउन्सिलनं पोलिसांच्या युनियनशी करार करून मान्य केलेला असतो.

पुण्या-नाशकात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारणच नसतं. तिथं पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, पगार आणि पेन्शन राज्याच्या तिजोरीतून. महापालिकेच्या घरपट्टीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत मात्र गावचा पोलीस हा बहुतेक ठिकाणी गावचाच नोकर असतो आणि त्याच्या म्हातारपणाची सोयही गावाच्याच करातून होते. म्हणून इथं घर घेतलेल्या प्रत्येकानं हा हिशेब एकदा तरी स्वतः मांडून पाहावा. एक शनिवार सकाळ पुरते. मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे मुख्य उदाहरण तिथलं. इतर राज्यांत जिथं फरक पडतो तिथं तसं सांगतो.

पहिली पायरी : फंड कुणाचा ते शोधा

सगळं पुढचं गणित याच उत्तरावर फिरतं. ढोबळमानानं दोन प्रकार आहेत.

एकात राज्यभराच्या पोलिसांचा एकत्र फंड असतो आणि प्रत्येक गाव त्यात आपला वाटा भरतं. न्यू जर्सीत पोलीस आणि अग्निशमन दलाचा असा एकत्र फंड १९४४ पासून आहे. 'पी.एफ.आर.एस.' या नावानं तो ओळखला जातो आणि २०१८ च्या कायद्यानंतर त्याचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे गेला. न्यूयॉर्कमध्येही असाच राज्यस्तरीय फंड आहे; न्यूयॉर्क शहराचा वेगळा.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गावाचं खातं वेगळं. पेनसिल्व्हेनियात गावागणिक पोलिसांच्या शेकडो छोट्या पेन्शन योजना आहेत. इलिनॉयमध्ये शिकागोबाहेरच्या पोलीस आणि अग्निशमन दलांचे साडेसहाशेच्या आसपास स्थानिक फंड होते. २०१९ च्या कायद्यानं त्यांचे गुंतवणुकीचे पैसे दोन मोठ्या फंडांत एकत्र आणले, पण देणं ज्याचं त्याच्याच नावावर राहिलं. कॅलिफोर्नियातली बरीच शहरं 'कॅलपर्स' या राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात आहेत. तिथं गुंतवणूक एकत्र होते, पण जुनी तूट प्रत्येक शहराच्या नावावर वेगळी मांडलेली असते.

तुमचं गाव कुठल्या प्रकारात बसतं हे टाउनच्या वार्षिक वित्तीय अहवालात पेन्शनच्या टिपेत पहिल्या दोन परिच्छेदांतच लिहिलेलं असतं. तिथं 'कॉस्ट-शेअरिंग' असा शब्द दिसला तर पहिला प्रकार. 'सिंगल-एम्प्लॉयर' किंवा 'एजंट' दिसला तर दुसरा.

दुसरी पायरी : एका पोलिसाला नेमकं काय मिळतं

बहुतेक ठिकाणी सूत्र एकच : नोकरीची वर्षं, गुणिले ठराविक टक्का, गुणिले शेवटचा पगार. राज्याराज्यांत फरक पडतो तो यातल्या 'शेवटचा पगार' या शब्दांच्या व्याख्येमुळे.

न्यू जर्सीत २५ वर्षं भरलेल्या जुन्या सभासदाला शेवटच्या पगाराच्या ६५ टक्के पेन्शन मिळते. २८ जून २०११ नंतर फंडात आलेल्यांना ६० टक्के. म्हणजे १,२०,००० डॉलरवर निवृत्त होणाऱ्या दोघांपैकी जुन्याला वर्षाला ७८,००० आणि नव्याला ७२,००० डॉलर. शिवाय जुन्यांसाठी शेवटच्या बारा महिन्यांचा पगार धरतात, नव्यांसाठी तीन वर्षांची सरासरी. ओव्हरटाइम यात धरत नाहीत. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, कारण सभेत हमखास कुणीतरी म्हणतंच, "ओव्हरटाइम मारून पेन्शन फुगवतात." न्यूयॉर्कमध्ये ओव्हरटाइम धरतात आणि नव्या सभासदांसाठी त्याला मर्यादा घातली आहे, तिथं हा मुद्दा रास्त आहे. न्यू जर्सीत तो लागू नाही.

कॅलिफोर्नियात १९९९ च्या कायद्यानं महामार्ग पोलिसांना 'पन्नाशीला वर्षाला ३ टक्के' हे सूत्र दिलं आणि मग एकामागून एक शहरांनी तेच आपल्या पोलिसांना दिलं. ३० वर्षं नोकरी म्हणजे पगाराच्या ९० टक्के. १ जानेवारी २०१३ पासून नव्यानं येणाऱ्यांसाठी ते कमी करून जास्तीत जास्त 'सत्तावन्नाव्या वर्षी २.७ टक्के' केलं. आधीच्यांचं आहे तसंच राहिलं.

महागाईवाढीचं कलमही बघा. इलिनॉयमध्ये जुन्या सभासदांना दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, तीही चक्रवाढ. चक्रवाढीनं रक्कम किती वर्षांत दुप्पट होते याचा ढोबळ नियम म्हणजे ७२ ला टक्क्यानं भागायचं. ७२ ला ३ नं भागा : २४ वर्षांत पेन्शन दुप्पट. न्यू जर्सीत हीच वाढ २०११ मध्ये थांबवली, म्हणजे त्या वर्षापासून निवृत्तांची रक्कम गोठलेली आहे. एका कलमाचा हा फरक किती मोठा आहे ते पाहिलं की दोन राज्यांतल्या पेन्शनची तुलना करणाऱ्या बातम्या मी सहसा अर्ध्यातच सोडून देतो.

आता पोलिसाच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. न्यू जर्सीत तो स्वतःच्या पगारातून १० टक्के भरतो, म्हणजे १,२०,००० वर १२,००० डॉलर. आणि यातल्या बहुतेकांना या नोकरीचं सोशल सिक्युरिटी लागू नसतं. म्हणजे टाउनला मालकाच्या वाट्याचे ६.२ टक्के भरावे लागत नाहीत आणि पोलिसाला म्हातारपणी तिकडून या नोकरीचा छदामही येत नाही. पूर्वी दुसऱ्या नोकरीत कमावलेलं सोशल सिक्युरिटीही अशा निवृत्तांना कापून मिळायचं. ती कपात ५ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या केंद्रीय कायद्यानं रद्द झाली. तेव्हा आपल्या ऑफिसातल्या ४०१(के)शी पोलिसाच्या पेन्शनची तुलना करताना आपल्या बाजूला सोशल सिक्युरिटीही मांडायला विसरू नका.

तिसरी पायरी : बजेटमध्ये आकडा कुठे बसलाय

इथं बहुतेक जण चकतात, मीही चकलो होतो. बजेटची पीडीएफ उघडली, 'पोलीस' शोधलं, पगार आणि इतर खर्च अशा दोन ओळी दिसल्या, बेरीज करून मोकळा झालो. पेन्शन त्यात नव्हतीच.

न्यू जर्सीच्या बजेटमध्ये ती बऱ्याच पानांनंतर, 'स्टॅच्युटरी एक्स्पेंडिचर्स' म्हणजे कायद्यानं भरावेच लागणारे खर्च, या मथळ्याखाली सापडते. तिथं 'कॉन्ट्रिब्यूशन टू पोलीस अँड फायरमेन्स रिटायरमेंट सिस्टिम' अशी ओळ असते. त्याच्याच आसपास 'पब्लिक एम्प्लॉइज रिटायरमेंट सिस्टिम' असते. ती कारकून, रस्ते खातं वगैरेंची. ती यात मिसळू नका. पोलिसांचा आरोग्यविमा तिसरीकडेच, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये घुसळलेला असतो. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर शोधून काहीच सापडत नाही. मग पानं उलटायची, दुसरा इलाज नाही.

सोपी वाट हवी असेल तर 'यूजर फ्रेंडली बजेट' मागा. न्यू जर्सीत प्रत्येक नगरपालिकेला सामान्य माणसासाठी हा वेगळा आराखडा द्यावा लागतो. त्यात कर्मचाऱ्यांवरचा खर्च गटवार मांडलेला असतो : पोलीस एका ओळीत, मूळ पगार, ओव्हरटाइम, पेन्शन आणि आरोग्यविमा वेगवेगळ्या रकान्यांत. मला हे दोन वर्षांनी कळलं.

टाउनकडे आलेलं पेन्शनचं मूळ बिलही मागता येतं. न्यू जर्सीत ते दरवर्षी १ एप्रिलला भरायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये मुदत १ फेब्रुवारी, आणि १५ डिसेंबरपर्यंत भरलं तर सवलत. तुमचं गाव ती सवलत घेतं का, हे न्यूयॉर्कवाल्यांनी विचारून पाहावं. पेनसिल्व्हेनियात पुढच्या वर्षी किमान किती भरायचं तो आकडा ३० सप्टेंबरपर्यंत काउन्सिलपुढे ठेवावा लागतो, त्यामुळे तिथं सप्टेंबरच्या सभेचं इतिवृत्त चाळा. न्यू जर्सीत सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली क्लार्ककडे अर्ज दिला की साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. अर्जात "पेन्शनविषयी सगळी माहिती" असं लिहू नका, तो परत येतो. "अमुक वर्षी पी.एफ.आर.एस.कडून आलेल्या वार्षिक बिलाची प्रत" असं नेमकं लिहा.

चौथी पायरी : बिलाचे दोन तुकडे करा

खरी मेहनत इथं आहे. पेन्शनच्या बिलात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, यंदा कामावर असलेल्या पोलिसांनी यंदा जी पेन्शन कमावली, तिची किंमत. तिला 'नॉर्मल कॉस्ट' म्हणतात. दुसरी, मागच्या वर्षांत जे पैसे साठायला हवे होते पण साठले नाहीत, त्या तुटीचा हप्ता. पहिला चालू महिन्याचा किराणा, दुसरी वाण्याची जुनी उधारी. उधारी फेडताना किराणा महाग झाला असं म्हणून चालत नाही.

एक काल्पनिक गाव घेऊ. ४० पोलीस, पेन्शनसाठी धरायचा सरासरी पगार १,१०,००० डॉलर. एकूण पगार ४४ लाख डॉलर. समजा बिल पगाराच्या ३५ टक्के आलं : १५,४०,००० डॉलर. त्यात नॉर्मल कॉस्ट १२ टक्के असेल तर ती ५,२८,०००. उरलेले १०,१२,००० डॉलर जुन्या तुटीचे. गावात ९,००० घरं असतील आणि दुकानं-ऑफिसं सोडून दिली, तर घरामागे साधारण १७१ डॉलर. त्यातले ५९ आजच्या पोलिसांसाठी, ११२ कालच्या न भरलेल्या पैशांसाठी.

आता कुणी म्हणतं, "दोन पोलीस कमी करा, पेन्शन वाचेल." गावाचा फंड स्वतंत्र असेल तर दोन पोलिसांमागे फक्त नॉर्मल कॉस्ट वाचते, म्हणजे २६,४०० डॉलर. दहा लाखांच्या उधारीला धक्काही लागत नाही. ती उधारी आता चाळीसऐवजी अडतीस जणांच्या पगारावर मांडल्यामुळे टक्केवारी उलट वाढलेली दिसते आणि पुढच्या वर्षी बातमी येते की पेन्शनचा दर आणखी चढला.

राज्याच्या एकत्र फंडात गंमत वेगळी होते. तिथं जुनी तूटही गावागावांत पगाराच्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे तुम्ही पगारखर्च कमी केलात तर तुमच्या वाट्याची उधारी काही काळानं दुसऱ्या गावांवर सरकते आणि त्यांनी केला तर त्यांची तुमच्यावर. बिल साधारण दोन वर्षं जुन्या आकड्यांवर निघतं, म्हणून परिणाम लगेच दिसत नाही. पण याच नियमाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची : आपल्या काल्पनिक गावात पगारात वाढवलेल्या प्रत्येक डॉलरला पुढे ३५ सेंटचं शेपूट लागतं. पगारवाढ मंजूर करताना ते शेपूट कुणी वाचून दाखवत नाही.

पाचवी पायरी : व्याजदराचा रकाना

तूट किती हे ठरतं एका गृहीतकावर : फंडातले पैसे दरवर्षी किती टक्क्यांनी वाढतील. वीस वर्षांनी द्यायच्या १,००,००० डॉलरसाठी आज किती बाजूला काढायचे? ७ टक्के धरले तर सुमारे २५,८४०. ६ टक्के धरले तर सुमारे ३१,१८०. एका टक्क्यानं गरज पाचव्या हिश्श्यानं वाढली. कॅलपर्सनं हा दर ७.५ वरून उतरवत २०२१ मध्ये ६.८ वर आणला, तेव्हा शहरांची देणी कागदावर वाढली. एकाही पोलिसाची पेन्शन वाढली नव्हती.

वित्तीय अहवालात यासाठी एक तीन रकान्यांचा तक्ता सक्तीचा आहे : सध्याच्या दरानं तूट किती, १ टक्का कमी धरला तर किती, १ टक्का जास्त धरला तर किती. मधला आकडा सगळे सांगतात, तुम्ही कमी दराचा वाचा. अहवालाच्या शेवटी दहा वर्षांचा तक्ताही असतो. त्यात 'जेवढे भरायला हवे होते' आणि 'जेवढे भरले' या दोन ओळी एकाखाली एक असतात. फरकाच्या जागी शून्य नसेल तर पेन्सिलनं गोल करून ठेवा.

न्यू जर्सीवाल्यांनी एक जुनी गोष्टही तपासावी. २००९ मध्ये मंदीमुळे नगरपालिकांना त्या वर्षीच्या पेन्शनच्या बिलातलं अर्धंच भरायची मुभा दिली होती. उरलेलं २०१२ पासून १५ वर्षांत व्याजासह फेडायचं. तुमच्या टाउननं ती मुभा घेतली होती का? घेतली असेल तर बिलात त्याची वेगळी ओळ असायची.

पेन्शनखेरीज निवृत्तीचे इतर खर्च

दोनच सांगतो. निवृत्तांचा आरोग्यविमा : यासाठी बहुतेक गावं आधी काहीच साठवत नाहीत, त्या त्या वर्षी भरतात. अहवालात 'ओपेब' या नावानं त्याचं देणं दाखवलेलं असतं आणि काही गावांत ते पेन्शनच्या तुटीपेक्षा मोठं निघतं. दुसरा, न घेतलेल्या आजारपणाच्या रजांचे पैसे. न्यू जर्सीत २१ मे २०१० नंतर लागलेल्यांना निवृत्तीच्या वेळी १५,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे. त्याआधीच्यांना त्यांच्या करारात जे असेल ते, आणि ते कधीकधी डोळे विस्फारायला लावणारं असतं.

पैसे भरलेच नाहीत तर

अलाबामातल्या प्रिचर्ड गावाला फंड २००९ मध्ये संपेल असा इशारा आधीच मिळाला होता. फंड खरोखर संपला आणि त्या सप्टेंबरपासून निवृत्तांचे चेक यायचे थांबले. ऱ्होड आयलंडच्या सेंट्रल फॉल्सनं ऑगस्ट २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि निवृत्त पोलीस आणि अग्निशामकांच्या पेन्शन ५५ टक्क्यांपर्यंत कापल्या. नंतर राज्यानं काही वर्षांसाठी मदत घालून ती कपात हलकी केली. डॅलसमध्ये गोष्ट उलटी घडली. निवृत्तीला पात्र झाल्यावरही कामावर राहणाऱ्यांची पेन्शन फंडातच भरघोस हमी व्याजानं साठवायची योजना होती. फंड डळमळल्याची कुणकुण लागताच २०१६ मध्ये ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काही महिन्यांत काढली गेली, शेवटी डिसेंबरमध्ये दार बंद करावं लागलं आणि पुढच्या वर्षी राज्याला कायदा बदलावा लागला.

इलिनॉयनं यावर वेगळा उपाय काढला. गावानं फंडात ठरलेली रक्कम भरली नाही, तर फंड राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याचे पैसे चुकते करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करतो आणि गावाला राज्याकडून मिळणारे पैसे परस्पर फंडाकडे वळवता येतात. २०१८ मध्ये हार्वी या गावाच्या बाबतीत तसं घडलं.

शेवटची पायरी : कधी विचारायचं आणि काय

बजेटच्या सभेत पेन्शनवर बोलून फारसं हाती लागत नाही. तोवर बिल आलेलं असतं. न्यू जर्सीत नगरपालिकेच्या करवाढीला वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण पेन्शनच्या वाढीतला २ टक्क्यांवरचा भाग तिच्या बाहेर ठेवता येतो. म्हणजे तिथून दाबही येत नाही.

दाब द्यायची जागा पोलिसांच्या पगाराचा करार ही आहे. तो तीन-चार वर्षांतून एकदा होतो. पोलिसांना संप करता येत नाही, म्हणून बोलणी फिसकटली तर लवाद बसतो. न्यू जर्सीत लवादाच्या निवाड्यांवर २ टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ अखेर संपली. निवृत्तीला टेकलेल्या जुन्या सभासदाच्या मूळ पगारात १०,००० डॉलर वाढले, तर पेन्शनमध्ये वर्षाला ६,५०० डॉलर, तहहयात. पंचवीस वर्षं धरा : १,६२,५०० डॉलर, एका माणसामागे. पगार वाढवू नये असं माझं म्हणणं नाही. आमच्या गावात रात्री दोनला फोन केला तर सहा मिनिटांत गाडी येते, आणि त्याची किंमत द्यायला माझी ना नाही. ती पूर्ण किंमत मतदानाआधी टेबलावर असावी, एवढंच.

म्हणून तीन मिनिटांत मी आता तीनच गोष्टी विचारतो. या करारामुळे पुढच्या पाच वर्षांत पेन्शनचं बिल किती वाढेल, याचा लेखी अंदाज आहे का? मूळ पगारात आणखी काय काय मिसळलंय, ज्यावर पेन्शन चढते? आणि पुढच्या तीन वर्षांत २५ वर्षं पुरी होणारे किती जण आहेत, त्यांच्या रजांच्या पैशांची तरतूद कुठल्या ओळीत आहे?

पहिल्या प्रश्नाला गेल्या खेपेला वित्त अधिकाऱ्यांनी "असा अंदाज केलेला नाही" असं उत्तर दिलं, ते इतिवृत्तात नोंदलं गेलं. पुढच्या महिन्याच्या सभेत त्याच विषयावर दीड पानाचा तक्ता वाटला गेला. सध्याचा करार कधी संपतो ती तारीख कराराच्या पहिल्याच पानावर असते. तिच्या आधीचे सहा महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवा.